जंगलालाही बावटा हवा

३१ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, ताडवाई ते मेडारम या पट्ट्यातले जंगल वाऱ्याने आडवे केले. २०० हेक्टरांहून जास्त क्षेत्र आणि सुमारे ५० हजार झाडे, तीही तास-दोन तासांत. बरीच झाडे मुळासकट उपटली गेली, काही बुंध्यातून मोडली. एटूरनागारम अभयारण्याच्या परिसरातली ही घटना आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक-दोन दिवस दिसली आणि विरून गेली.

सिरोंचा तालुक्यातल्या सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते. त्या संगमावरून दक्षिणेकडे सरळ रेषा धरली तर ताडवाई ५०-६० किलोमीटरवर येते. मध्ये गोदावरी आहे एवढेच. अलीकडे-पलीकडे जंगलाची जात एक, ऑगस्ट अखेरीस भिजून ढिली झालेली जमीनही एक. तरीही गडचिरोलीच्या बाजूला तसे काही झाले नाही. आलापल्लीजवळचे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणजे राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ. २०१४ साली त्याला तो दर्जा मिळाला. तिथला उंच, जुना साग उभा आहे. कमलापूरचे हत्ती सुखरूप आहेत. वडधमला दगड झालेली झाडे पाहायला येणाऱ्यांना वाटेत पडलेले जंगल ओलांडावे लागत नाही. हे सारे शाबूत राहिले यात आपले कर्तृत्व काही नाही.

पलीकडच्या लोकांना याची जाणीव जास्त आहे. मेडारमला दर दोन वर्षांनी सम्मक्का-सारलम्मांची जत्रा भरते आणि आपल्या सिरोंचा भागातूनही भाविक जातात. २०२४ ची जत्रा फेब्रुवारीत झाली होती. हाच वारा त्या दिवसांत सुटला असता तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो. देवींनी वारा जंगलावर घेतला आणि गावे राखली, असे तिथे बोलले गेले. श्रद्धेशी आमचे भांडण नाही. पण आम्ही लिहितो ते मार्गदर्शक, जिप्सीचालक, रिसॉर्टवाले आणि वनाधिकारी यांच्यासाठी. त्यांना देवीच्या भरवशावर फेरी सोडता येणार नाही.

त्या संध्याकाळी इशारे नव्हते असे नाही. पण ते अतिवृष्टीचे होते. बातम्यांचे लक्ष कच्छच्या किनाऱ्यावरच्या ‘असना’ चक्रीवादळाकडे होते. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होणे १९७६ नंतर प्रथमच घडत होते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरात असलेले डिप्रेशन मात्र बिननावाचेच राहिले, कारण नाव मिळते ते चक्रीवादळाच्या पायरीवर पोचल्यावर. ते मध्यरात्रीनंतर कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडून आत शिरले, पुढे पूर्व विदर्भ आणि लगतच्या तेलंगणावर आले आणि तिथे विरले. म्हणजे ताडवाईची झाडे पडली तेव्हा ते अजून समुद्रावरच होते. नकाशावरच्या वादळाच्या खुणेवर नजर ठेवून बसलेल्याला या वाऱ्याचा पत्ता लागला नसता.

हा वारा भोवऱ्यासारखा फिरणारा होता की ढगातून खाली आदळून चहूकडे पसरलेला झोत होता, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. आपल्या कामाच्या दृष्टीने हा प्रश्न पोकळ नाही. झोत असेल तर झाडे एका जागेपासून बाहेरच्या बाजूला पसरून पडतात. भोवरा असेल तर अरुंद पट्ट्यात, एकमेकांवर, आतल्या बाजूला वळलेली दिसतात. होकायंत्र घेऊन पडलेल्या पन्नास खोडांची दिशा नोंदली तरी पुष्कळ कळते. आपल्याकडे वाऱ्याने झाड पडले की नोंद होते ती घनमीटरची आणि किमतीची. दिशा, मुळासकट पडले की मोडले, माती किती खोल होती, शेजारची विरळणी कधी झाली, हे कोणी लिहीत नाही. विरळणीनंतरची पहिली काही वर्षे उरलेली उंच झाडे वाऱ्याला जास्त उघडी पडतात, हे वनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. (डिसेंबर २०२४ मध्ये मुलुगूतच ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि धक्का गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत जाणवला, तेव्हा काहींनी दोन्हींचा सांधा जोडला. जमिनीखालच्या हालचालीशी आभाळातल्या ढगाचा काही संबंध नाही.)

रडारचीही अडचण आहे. नागपूरचे डॉप्लर रडार सिरोंचापासून अडीचशेहून जास्त किलोमीटरवर, हैदराबादचे सव्वादोनशेच्या आसपास. एवढ्या अंतरावर रडारचे किरण जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचावरून जातात. ढगाचा माथा दिसतो, त्याच्या तळाशी सुटलेला वारा दिसत नाही. दक्षिण गडचिरोलीचे जंगल दोन्हींच्या टोकावर आहे. तेव्हा या भागात शेवटचा निर्णय जंगलात उभ्या असलेल्या माणसालाच घ्यावा लागणार.

आणि तो घेण्याची सोय आपण केलेली नाही.

इथे मालवणकडे पाहावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळ रत्नागिरीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरून ओमानच्या दिशेने वळले. स्कुबाचा हंगाम तेव्हा नुकता सुरू झाला होता. किनाऱ्यावर पाणी चढले, नुकसानही झाले, पण वादळाचा गाभा दूरच राहिला. तिथे मुद्दा सुटकेचा नाही, शिस्तीचा आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही, हे मच्छीमाराला, स्कुबावाल्याला आणि कुरकुरणाऱ्या पाहुण्यालाही कळते. पावसाळ्यात जलक्रीडा बंदच असतात. हे सगळे नेहमी पाळले जाते असे नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसे दगावली. तरी मोडायला नियम तरी आहे.

ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, म्हणून पावसाळी धोका टळला असे आपण धरून चालतो. पण बफरमधले आगरझरी, देवाडा, जुनोना हे मार्ग पावसाळ्यातही चालतात. आणि विदर्भात झाडे पाडणारा वारा मुख्यतः पावसाळ्यातला नव्हेच. तो एप्रिल ते जूनमधला, दुपारनंतरचा. दिवसभर तापलेल्या जमिनीवर चारनंतर ढग चढतात, धूळ उठते आणि पाऊण तासात सगळे उरकते. तीच आपल्या दुपारच्या फेरीची वेळ आणि तोच भर हंगाम. बुद्धपौर्णिमेला निसर्गानुभवासाठी माणसे रात्रभर मचाणावर बसतात, तीही बहुतेकदा मे महिन्यातच. उंच झाडाला बांधलेले मचाण ही विजेच्या कडकडाटात बसायची जागा नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याची सूचना देते, पण मोबाइलला रेंज असेल तर. मोहर्लीच्या आत थोडे गेले की काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

मार्गदर्शकाला ढग कळतो. तो गाडी वळवत नाही याचे कारण वेगळे आहे. पाहुण्याने पैसे मोजलेले असतात, वाघ दिसलेला नसतो, आणि फेरी अर्ध्यावर तोडली तर तक्रार त्याच्या नावावर जाते. वादळ आले नाही तर तो घाबरट ठरतो. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रवेशद्वारावरून वायरलेसवर एकच शब्द जावा, आणि तो गेला की सगळ्या गाड्यांनी जवळच्या मोकळ्या जागेकडे किंवा फाटकाकडे वळावे. हा शब्द देण्याचा अधिकार फाटकावरच्या वनरक्षकाला असावा, वरिष्ठांना विचारत बसावे लागू नये. आत असलेल्या मार्गदर्शकाने स्वतःहून गाडी वळवली तर त्याला जाब विचारला जाऊ नये. तोडलेल्या फेरीच्या पैशांचे काय, हे आरक्षणाच्या पावतीवरच छापावे. आणि हाच निरोप त्या वेळी तेंदूपत्ता तोडायला जंगलात असलेल्या माणसांच्या संकलन केंद्रापर्यंतही पोचावा. मे महिन्यात पर्यटकांपेक्षा तीच माणसे जास्त संख्येने झाडाखाली असतात.

पुढच्या अंकासोबत पडलेल्या झाडांच्या नोंदीचा एक पानी तक्ता देत आहोत. सिरोंचा, आलापल्ली आणि भामरागड विभागांतल्या वाचकांनी तो उन्हाळ्याच्या पहिल्या वादळापासूनच भरायला घ्यावा. एकही झाड पडले नाही त्या वादळाचीही तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा त्यात लिहावी.