‘एम’चे सोवळे

हलत्या विषयासाठी शटर स्पीड आधी ठरतो, यावर दुमत नाही. उतरणारा फ्लेमिंगो १/१६००, पाण्यावर सूर मारणारा सुरय १/३२००, कबड्डीतली पकड १/१०००. सरावाने हे आकडे पाठ होतात. वाद उरतो तो ॲपर्चर आणि आयएसओ यांचा लगाम कोणाच्या हाती असावा, एवढाच. शटर प्रायॉरिटी (एस), ॲपर्चर प्रायॉरिटी (ए), पूर्ण मॅन्युअल (एम) आणि मॅन्युअलला जोडलेला ऑटो आयएसओ ही त्या एकाच प्रश्नाची चार उत्तरे आहेत. कोणत्या वेळी कोणते लागू पडेल हे प्रकाश आणि पार्श्वभूमी पाहून ठरवायचे असते. अलीकडे मात्र ते काही स्पर्धांचे आयोजक प्रवेशपत्रिकेतच ठरवून टाकू लागले आहेत.

‘वन्यजीव व क्रीडा विभागांत केवळ मॅन्युअल मोडवर काढलेली छायाचित्रे स्वीकारली जातील, मूळ फाइलचा एक्झिफ तपासला जाईल,’ असे हे कलम. प्रवेशिका बाद झालेल्या वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्यावर ते बारकाईने वाचावे लागले, आणि त्यातली गंमत उघडी पडली. एक्झिफमध्ये ‘एक्स्पोजर प्रोग्रॅम’ नावाचा रकाना असतो. त्यात १ म्हणजे मॅन्युअल, २ म्हणजे प्रोग्रॅम, ३ म्हणजे ॲपर्चर प्रायॉरिटी आणि ४ म्हणजे शटर प्रायॉरिटी. एमवर ऑटो आयएसओ चालू असला तरी तिथे १च उमटतो. म्हणजे ज्याच्या कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमला आपल्या मनाने आयएसओ वरखाली केला, त्याचा फोटो मॅन्युअल म्हणून पात्र. ज्याने ‘ए’वर एफ/६.३ ठेवून, काळ्या पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्यासाठी उणे एक स्टॉप कॉम्पेन्सेशन स्वतःच्या अंगठ्याने फिरवले, त्याचा बाद! ऑटो आयएसओची नोंद मेकरनोटमध्ये सापडू शकते. पण तिथवर जाण्याची तसदी तपासणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही. फियाप आणि पीएसए या छायाचित्रण संस्था ज्या सामाईक व्याख्येनुसार नेचर विभाग चालवतात, तिच्यात एक्स्पोजर मोडचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. गल्लीतल्या स्पर्धेला हे सोवळे कुठून सुचले, ते आयोजकच जाणोत.

मोड निवडताना विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: बदलते आहे ते काय, विषयावर पडणारा प्रकाश की विषयामागची पार्श्वभूमी?

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर, डिकसळ किंवा कुंभारगावच्या होडीतून, हिवाळ्याच्या निरभ्र दिवशी फ्लेमिंगोंचा थवा उठतो तेव्हा त्याच्यामागे आधी पाणी असते, मग पलीकडच्या काठाची गर्द झाडी, मग आकाश. पक्ष्यांवरचे ऊन तेवढेच राहते. मीटर मात्र प्रत्येक टप्प्याला वेगळे बोलतो. झाडीसमोर पंख जळतात आणि आकाशासमोर तोच पक्षी काळा पडतो. ए, एस आणि एमवरचा ऑटो आयएसओ हे तिन्ही इथे सारखेच फसतात, कारण तिघांचा मालक मीटरच. पूर्ण मॅन्युअल खरा उपयोगाचा आहे तो अशा ठिकाणी. चढत्या उन्हात आयएसओ ४००, एफ/५.६, १/३२०० हा सनी सिक्स्टीनचा हिशेब पायाला धरावा, पांढऱ्या पिसांसाठी तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश स्टॉप खाली यावे, एक चाचणी फ्रेम घेऊन हायलाइट पाहावेत आणि मग मीटरकडे दुर्लक्ष करावे. त्याच उन्हात धरलेल्या उघड्या तळहातावर मीटर करून एक स्टॉप वाढवला तरी साधारण तिथेच पोहोचता येते. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात मात्र प्रकाश भराभर वाढत असतो. तेव्हा ठरवलेले एक्स्पोजर तसेच ठेवून चहा घ्यायला बसणाऱ्याचे पुढचे सगळे बगळे जळालेले निघतात.

आता आषाढातले रिंगण घ्यावे. तुकोबांच्या पालखीचे बेलवाडीचे गोल रिंगण असो की माउलींच्या वाटेवरची रिंगणे, वर ढगांची ये-जा चालू असते. लख्ख ऊन आणि दाट ढग यांत तीन स्टॉपचा फरक सहज पडतो, आणि अश्वाच्या एका फेरीत तो दोनदा पडू शकतो. पूर्ण मॅन्युअलवर अडून बसणाऱ्याला इथे निम्म्या फ्रेम गमवाव्या लागतात. शटर १/१२५०, ॲपर्चर एफ/५.६, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००, अशी एमची मांडणी या प्रसंगासाठीच आहे. पण तीही आपोआप चालत नाही. फ्रेम पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांनी भरलेली असते, त्यामुळे मीटर सगळेच अंधारे करतो; अधिक दोन तृतीयांश ते अधिक एकपर्यंत कॉम्पेन्सेशन द्यावे लागते. रिंगणाच्या आत उभ्या असलेल्याची अडचण आणखी एक आहे. अश्वाच्या मागे कॅमेरा वळवत नेला की अर्धी फेरी अश्वावर समोरून पडणाऱ्या प्रकाशात जाते आणि उरलेली अर्धी पाठप्रकाशात. त्या दुसऱ्या अर्ध्या फेरीत अश्वाच्या अंगावरचा तपशील हवा असेल तर आणखी सुमारे एक स्टॉप वाढवायचा असतो, तोही अश्व धावत असताना. अंगठा कॉम्पेन्सेशनच्या चकतीवर नसेल तर कोणताच मोड कामाला येत नाही. हे काम ‘ऑटो’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा करून पाहावे.

जुन्या बॉडी बाळगणाऱ्यांनी इथे सावध राहावे. कॅननच्या ५डी मार्क ३वर एम आणि ऑटो आयएसओ एकत्र लावले की कॉम्पेन्सेशन मिळत नाही. २०१४च्या ७डी मार्क २वर आणि पुढच्या ५डी मार्क ४वर ते मिळते. मार्क ३ वापरणाऱ्यांना अशा प्रकाशात टीव्ही, म्हणजे शटर प्रायॉरिटी, मोड अधिक सोयीचा.

ॲपर्चर प्रायॉरिटी आणि ऑटो आयएसओच्या मेनूतली किमान शटर मर्यादा, ही जोडी पक्षीनिरीक्षकांत लोकप्रिय आहे. तिचे कारण रास्त आहे. भर उन्हात शटर मर्यादेच्या वर मोकळा पळतो, त्यामुळे एमवर बेस आयएसओला आपटून फ्रेम पांढरी होण्याचा धोका टळतो. संध्याकाळी मात्र ती गुपचूप दगा देते. आयएसओ कमाल मर्यादेला टेकला की कॅमेरा ठरवून दिलेली शटर मर्यादा मोडतो. १/२०००चे १/५०० होते आणि घरी येऊन पाहिल्यावर सगळे पंख विरघळलेले असतात. एमवर त्याच वेळी फ्रेम अंधारी येते, पण धारदार येते. अंधारी रॉ फाइल एक-दोन स्टॉप उचलता येते, हललेला पक्षी कोणत्याही सॉफ्टवेअरने थांबत नाही. म्हणून ऊन उतरू लागले की ‘ए’ सोडावा.

शटर प्रायॉरिटीला विनाकारण नवशिक्यांचा मोड ठरवले गेले आहे. तिचे खरे मैदान पॅनिंगचे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून बैलगाडा शर्यतींचे घाट निर्वेध गजबजतात, आणि तिथे १/६०वर बैलजोडी धरून पार्श्वभूमी ओढणे हे एसचे काम. अडचण दुपारच्या उन्हाची. आयएसओ १००वर १/६०ला ॲपर्चर एफ/२०च्या आसपास जाते, आणि १/३०ला कित्येक लेन्सच्या एफ/२२च्या पलीकडे. व्ह्यूफाइंडरमधला आकडा लुकलुकतो, तो कोणी पाहत नाही आणि फ्रेम जळते. शिवाय एवढ्या लहान छिद्रातून सेन्सरवरच्या धुळीचा प्रत्येक कण आभाळात ठिपका होऊन उमटतो, आणि घाटावर धुळीला तोटा नाही. तीन स्टॉपचा एनडी लावला की ॲपर्चर एफ/७.१पर्यंत परत येते. फिल्टर बॅगेत असतो, पण लावायचा कंटाळा असतो.

बंदिस्त मैदानातल्या कबड्डीला पूर्ण मॅन्युअल हेच उत्तर, कारण दिवे बदलत नाहीत. तरीही एकाच बर्स्टमधल्या फ्रेम कमीजास्त उजळ आणि वेगवेगळ्या छटांच्या आल्या तर दोष मोडचा नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि १/१०००चा शटर त्यातला एखादाच क्षण पकडतो. अँटी-फ्लिकर चालू केल्यास बर्स्ट थोडा मंदावतो, पण फ्रेम सारख्या येतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर पट्टे दिसू लागले तर मेकॅनिकलवर यावे. हे न तपासता अख्खा सामना आयएसओ बदलत बसणारे प्रत्येक क्लबात दोघे-तिघे असतातच.

‘मॅन्युअल म्हणजे अस्सल’ या समजुतीला इतिहासाचाही आधार नाही. शटर प्रायॉरिटी असलेला कोनिका ऑटोरिफ्लेक्स १९६५चा, कॅननचा एई-१ १९७६चा. ए आणि एस दोन्ही देणारा मिनोल्टा एक्सडी १९७७चा. फिल्मवर हात बसलेल्यांनी हे मोड तेव्हापासून वापरले आहेत.

आयोजकांनी हे कलम पुढच्या प्रवेशपत्रिकेतून काढून टाकावे. फेरफाराची शंका असेल तर अंतिम फेरीतल्या छायाचित्रांच्या रॉ फाइल मागवाव्यात. ती पद्धत जुनी आहे आणि तिला फारसा खर्चही येत नाही. क्लबांनी कार्यशाळेचा पहिला तास मोडच्या प्रतिष्ठेवर घालवण्याऐवजी सदस्यांच्या कॅमेऱ्यात सी१वर पूर्ण मॅन्युअल आणि सी२वर ऑटो आयएसओसह मॅन्युअल भरून द्यावे, म्हणजे आकाश आणि झाडी यांच्यामध्ये मेनू शोधावा लागणार नाही. ज्यांच्या प्रवेशिका या कलमाखाली बाद झाल्या आहेत त्यांनी गप्प बसू नये. लेखी हरकत द्यावी, सोबत मूळ फाइल जोडावी, पात्र ठरलेल्या छायाचित्रांपैकी किती ऑटो आयएसओवर काढलेली आहेत याची यादी आयोजकांकडे मागावी, आणि समाधानकारक उत्तर न आल्यास प्रवेश फी परत मागावी.