पुस्तक मिटा आणि सिकलसेल लिहा

जानेवारीत रात्री अकराच्या सुमाराला बारावी सायन्सच्या कुठल्याही खोलीवर डोकावा. चंद्रपूर असो, गडचिरोली असो की ब्रह्मपुरी. फिजिक्सवाला वहीवर आकडेमोड करत असतो. केमिस्ट्रीवाला रिॲक्शन खरडत असतो. आणि बायोलॉजीवाला? तो उशीला टेकून, हातात पिवळा हायलायटर घेऊन तोच धडा तिसऱ्यांदा वाचत असतो. पान पिवळं झालं की त्याला वाटतं, झालं आपलं. ‘बायो काय बे, वाचलं की होते.’ हे वाक्य आपल्याकडं सीनियर ज्युनियरला देतात आणि तो पुढच्याला देतो.

मीही असाच वाचायचो. प्रीलिमला प्लिओट्रॉपीवर प्रश्न आला. व्याख्या लिहिली, उदाहरण म्हणून ‘सिकलसेल ॲनिमिया’ लिहिलं आणि पुढं पेन थांबला. धडा तीनदा वाचलेला होता, पान डोळ्यांपुढं दिसत होतं, पण त्यावर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. गंमत अशी, की माझ्या काकाच्या मुलीला सिकलसेल आहे. थंडीत तिचे हातपाय कसे दुखतात, ती पाणी कमी प्यायली तर काय होतं, रात्री दवाखान्यात कुणाची गाडी मागायची, हे सगळं मला पाचवी-सहावीपासून माहीत होतं. घरातला सिकलसेल आणि पुस्तकातला सिकलसेल एकच आहेत, हे डोक्यानं मान्य केलं होतं. पण मी ते दोन कधी शेजारी ठेवलेच नव्हते.

म्हणून माझं म्हणणं आहे, की आपल्या दोन जिल्ह्यांत बायोलॉजीचा अभ्यास उलट्या टोकानं सुरू करावा. आधी आपल्या गावातली एक गोष्ट घ्यायची आणि तिच्यामागं धडे लावायचे.

सिकलसेलच घ्या. पुस्तक मिटा. कोरा कागद घ्या. सिकल म्हणजे विळा, इथून सुरू करा. (हा शब्द आपण इतका बोलतो, पण त्याचा अर्थ विचारला तर वर्गात दोन हात वर येतील.) पेशी विळ्यासारखी का होते? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं म्हणून. ते का येतं? डीएनएमधला जीएजी हा कोडॉन जीटीजी झाला म्हणून. एका अक्षराचा फरक. झाला मॉलिक्युलर बेसिसचा धडा. ऑक्सिजन सुटला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याचे लांब धागे होतात, पेशी ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तिथं दुखतं. नेहमीची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून ॲनिमिया. झाला रेस्पिरेशन अँड सर्क्युलेशन.

आता आईबाप दोघेही वाहक असतील तर? चौकोन काढा. १:२:१. इथं बहुतेक पोरं चुकतात. ‘चार मुलांपैकी एकाला होणार’ असं लिहितात. तसं नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्यानं पंचवीस टक्के असते, आधीच्या मुलाला काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. गावात ‘पहिल्याला झाला, आता बाकीचे सुटले’ असं म्हणणारे लोक तुम्ही ऐकले असतील. ती इन्हेरिटन्सच्या धड्यातलीच चूक आहे, फक्त परीक्षेच्या बाहेर केलेली.

आणि इतका त्रासदायक जीन पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? त्याचं उत्तर मलेरियात आहे. अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ साली दाखवलं, की सिकलसेलच्या वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. ज्याला रोग आहे त्याला नाही हं, वाहकाला. त्याला मलेरिया उलट जास्त धोक्याचा. जिथं मलेरिया जास्त तिथं वाहक जास्त तगले. राज्यात मलेरिया म्हटलं की गडचिरोलीचं नाव आधी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे इव्होल्यूशन आणि ह्यूमन हेल्थ, दोन्ही धडे त्याच कागदावर आले. एकूण पाच धडे. भामरागडच्या पोराला नॅचरल सिलेक्शन शिकायला इंग्लंडमधल्या पतंगांपर्यंत जायची गरज नाही. पतंगही वाचा, परीक्षेत येतात.

‘मिटा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहिणारे पुढं गेले. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो. हायलायटरवाल्याला रात्री जे ‘येते’ असं वाटतं ते खरंच येत असतं, पण तेवढ्या रात्रीपुरतं. तेव्हा एकदा लिहा, दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर, मग आठवड्यानं. जिथं पेन थांबला तेवढंच पुस्तकात बघा. आकृत्यांचंही तसंच. बघून काढलेली आकृती म्हणजे चित्रकला.

यावर दोन आक्षेप येतात, ते खोटे नाहीत. पहिला, पेपर इंग्रजीत असतो. दहावीपर्यंत मराठी शाळा, घरी गोंडी, माडिया नाहीतर तेलुगू, आणि अकरावीत एकदम सगळं इंग्रजी. त्यामुळं पोरं समजण्याच्या भानगडीत न पडता वाक्यंच पाठ करतात. मला वाटतं, पहिल्यांदा लिहिताना तुमच्या भाषेतच लिहा, गोंडीत डोक्यात आलं तर गोंडीत. दुसऱ्या खेपेला त्यात इंग्रजी शब्द भरा: होमोझायगस, कॅरिअर, म्युटेशन. गुण त्या शब्दांना मिळतात हे खरं आहे, म्हणून ते सोडू नका. पण शब्द आधी आणि अर्थ नंतर असं केलं, की प्रश्न थोडा फिरवून आला तरी आपण पडतो. बोर्डाचा ७० गुणांचा पेपर एकवेळ निघतो, पण नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे असतात आणि ते फिरवूनच येतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. सगळ्या पंधरा धड्यांना असं करायला वेळ कुठं? सगळ्यांना नकोच. बायोटेक्नॉलॉजीला गावातलं उदाहरण ओढून आणू नका, तिथं सरळ पुस्तक करा. पण वनस्पतींच्या प्रजननाला मोह आहे ना. मोहाचं फूल रात्री फुलतं, फिकट असतं, वास दूर जातो, पाकळ्या गरदार असतात, कारण गिऱ्हाईक वटवाघूळ आहे. पळस दिवसा, भडक केशरी, वास नाही, कारण गिऱ्हाईक पक्षी आहे. ‘वटवाघळांद्वारे परागण होणाऱ्या फुलांची वैशिष्ट्ये’ हा प्रश्न ज्यानं पहाटे आईसोबत मोहफुलं वेचली आहेत त्यानं पाठ करावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. कॉन्झर्व्हेशनला ताडोबा आहेच, पण आलापल्लीचं जुनं सागवानाचं जंगलही लिहा. ते २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं.

एका जागी मात्र सावध राहा. प्लिओट्रॉपीच्या परिच्छेदात सिकलसेलचे रुग्ण मरतात, म्हणून वाहक आणि निरोगी असं २:१ गुणोत्तर उरतं, असं शिकवलं जातं. पेपरात विचारलं तर ते लिहा, गुण घ्या. पण ज्या वर्गात हा परिच्छेद वाचला जातो त्याच वर्गात, आपल्या भागात, एखादा रुग्ण बसलेला असू शकतो. हायड्रॉक्सियुरिया, लसी, भरपूर पाणी, वेळेवर तपासणी यांच्या आधारानं माणसं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. शिकवणाऱ्यानं हे एक वाक्य जोडायला अर्धं मिनिट लागतं. आमच्या वर्गात कुणी जोडलं नव्हतं. मी त्या रात्री ते पान वाचलं तेव्हा बहीण पलीकडच्या खोलीत झोपली होती, आणि मी ‘डाय’ या शब्दावरून हायलायटर फिरवून पुढं गेलो होतो.

ती आता बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी तिच्या लग्नाचा विषय निघाला. सगळे आत गेल्यावर तिनं मला विचारलं, ‘दादा, नवरा नॉर्मल असला तर लेकरांना होईल का? आणि तो वाहक असला तर?’ मी जवळच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोन चौकोन काढले, एक एका प्रश्नाचा, एक दुसऱ्याचा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. तुम्हीही काढून बघा, पुस्तक न उघडता.