चिंगीचा शेवटचा आठवडा आणि आपली अहिंसा



मागच्या महिन्यात आमच्या घरातली चिंगी गेली. गेली म्हणजे, मीच तिला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना इंजेक्शन द्यायला सांगितलं. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. तुमच्यातल्या काही जणींना ते वाचून धक्का बसेल, काही जणी रागावतीलही. पण घरोघरी मुलांच्या हट्टापायी हे छोटे जीव येऊ लागलेत आणि त्यांच्या शेवटाबद्दल आपण बायका आपापसात काहीच बोलत नाही. म्हणून लिहिते.

चिंगी म्हणजे हॅमस्टर. उंदराच्या जातीचा, मुठीत मावणारा प्राणी. धाकटीच्या नवव्या वाढदिवसाला आणली होती. दिवसभर झोपायची आणि आपलं सूर्यास्ताआधीचं जेवण, भांडी, आवराआवर सगळं उरकलं की हिचा दिवस सुरू व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या घरात रात्रिभोजन करणारी ही एकटीच!" आमच्याकडे गाजर येत नाही, त्यामुळे काकडी, दुधी, सूर्यफुलाच्या बिया आणि बाजरी यावरच ती वाढली. दाणे गालात भरून कोपऱ्यात नेऊन लपवायची. तिला परिग्रहाचं प्रमाण काही पाळता यायचं नाही, असं आम्ही हसून म्हणायचो.

या प्राण्याचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. हे मला आणताना माहीत नव्हतं. सव्वादोन वर्षांनी ती मंदावली, तेव्हा "वय झालं असेल" म्हणून मी दुर्लक्ष केलं. अंगावरचे केस विस्कटलेले दिसायचे, पाठीला कुबड काढून बसायची. तरी दाणे संपत होते, म्हणून मी निर्धास्त होते. नंतर पिंजरा साफ करताना कळलं की दाणे संपत नव्हते, नुसते कोपऱ्यात साठत होते. पोटाखाली बोराएवढी गाठ होती, ती धाकटीच्या हाताला लागली.

आमच्या सांगलीत गुरांचे आणि कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आहेत, पण एवढ्याशा जीवाला तपासणारे मला कोणी सापडले नाहीत. कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर ठेवलं. धडधाकट असताना ती १३० ग्रॅमची होती, आता ९४. ते म्हणाले, "या वयात भूल देऊन गाठ काढणं झेपणार नाही. दुखणं कमी करायचे थेंब देतो. पण एक लक्षात ठेवा, हे प्राणी दुखणं लपवतात. रानात दुबळा दिसला की कोणीतरी खाणार, हे त्यांच्या रक्तातच आहे. तुम्हाला दिसायला लागलंय म्हणजे बरेच दिवस दुखत असणार."

ते "बरेच दिवस" माझ्या मनात रुतून बसलं.

निघताना त्यांनी हळूच इंजेक्शनचाही पर्याय सांगितला. घरी आल्यावर दोन मतं पडली. हे म्हणाले, "उगीच हाल कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, पंचेंद्रिय जीव आहे तो. त्याचं आयुकर्म संपलं की जाईल. आपण कोण मधे पडणार?" मला सासूबाईंचं पटलं. पण आज प्रामाणिकपणे सांगते, धर्म म्हणून पटलं की ठरवायचं ओझं माझ्यावर येत नव्हतं म्हणून पटलं, हे मला अजून सांगता येत नाही.

शास्त्र काय सांगतं, ते आडवळण न घेता लिहिते. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. दुःखी जीवाला मारलं तर तो दुःखातून लवकर सुटेल, अशी समजूत करून घेऊन दुःखी जीवालाही मारू नये, असं त्यांनी सांगितलं आहे. म्हणजे जी पळवाट आपण शोधतो, ती त्यांनी हजार वर्षांपूर्वी पाहून ठेवली होती. जीवंधरकुमारांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मरणाऱ्या कुत्र्याला त्यांनी मारलं नाही, त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला.

काही जणी म्हणतात, आपल्यात सल्लेखना आहेच की! मैत्रिणींनो, ही तुलना कृपा करून करू नका. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलेली सल्लेखना ज्याची त्याने, समजून उमजून, कषाय मंद करत घ्यायची असते. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने तिला आत्महत्या ठरवलं, तेव्हा आपला समाज रस्त्यावर उतरला होता आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण हेच सांगत होतो की हे मरण कोणी दुसऱ्याने दिलेलं नसतं. मग चिंगीच्या इंजेक्शनला समाधिमरण कसं म्हणणार? तिला कोणी विचारलं होतं?

दुसरी बाजूही आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होतं. बरं होण्याची आशा उरली नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याचा शेवट केला आणि ते उघडपणे लिहिलंही. त्यांच्यावर टीकेचा पाऊस पडला, त्यात आपले जैन लोकही होते. त्यांचं म्हणणं होतं की यात स्वार्थ नाही, म्हणून ही हिंसा नाही. मला ते पूर्ण पटत नाही. पण दुःख समोर दिसत असताना त्यांनी मान फिरवली नाही, हे मात्र पटतं.

माझं मत असं. इंजेक्शन न देणं म्हणजे आपोआप अहिंसा होत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत हे आपण घडाघडा म्हटले आहेत. यादीत पहिला बंध आहे, म्हणजे बांधून, कोंडून ठेवणं. मी चिंगीला पिंजऱ्यात आणलं, त्याच दिवशी माझ्याकडून दोष घडला. रानातला प्राणी आजारी पडला तर तो आपल्या कर्माने जगतो, मरतो. हिचं खाणं, पाणी, ऊब, औषध सगळं माझ्या हातात होतं. अशा जीवाला कोपऱ्यात कण्हत ठेवून "तिचं कर्म" म्हणणं हा मला तरी प्रमाद वाटतो.

म्हणून मी आधी सेवा पूर्ण करायची ठरवली. पिंजऱ्यातली चढायची शिडी काढली, पाणी खाली आणलं, अंथरायला मऊ कागदाचे तुकडे टाकले. मूगडाळ मऊ शिजवून, मीठ न घालता, काडीच्या टोकाने भरवली. वेळेवर थेंब दिले. आणि एक वही केली. रोज तीनच गोष्टी लिहायच्या: स्वतःहून खाल्लं का? अंग चाटून स्वच्छ केलं का? रात्री घरट्यातून बाहेर आली का? शिवाय स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून वजन.

या वहीने मला वाचवलं. कारण मन रोज वेगळं सांगतं. एक घास खाल्ला की वाटतं बरी होतेय, जरा हलली नाही की वाटतं संपलं. वही खोटं बोलत नाही. पहिले चार दिवस तिन्हींपुढे "हो" होतं. थेंबांचा गुण येत होता. तेव्हाच घाईने इंजेक्शन दिलं असतं, तर ते तिच्यासाठी नाही, माझ्या डोळ्यांना बघवेना म्हणून दिलं असतं. पाचव्या दिवसापासून "नाही" वाढत गेले. सातव्या दिवशी वजन ८१ ग्रॅम. गाठ फुटली होती. ती तोंड उघडून श्वास घेत होती, आणि थेंब दिल्यानंतरही हात लावला की चिरकत होती. फोनवर डॉक्टर म्हणाले, "आता माझ्याकडे याहून जास्त काही नाही."

सासूबाई रात्रभर माझ्याबरोबर बसल्या होत्या. पहाटे त्याच म्हणाल्या, "घेऊन जा तिला. मी काही बोलणार नाही."

डॉक्टरांनी तिला आधी भुलीच्या वायूने झोपवलं. चिरकणं थांबलं. मग इंजेक्शन. धाकटीने पेटीवर हात ठेवला होता, मी णमोकार म्हणत होते. पाच मिनिटं लागली असतील. माहेरच्या मळ्यात पेरूखाली तिला ठेवली.

नंतर चातुर्मासासाठी आलेल्या माताजींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोष नाही असं म्हटलं नाही. उपवास आणि जाप असं प्रायश्चित्त दिलं आणि विचारलं, "पुन्हा पिंजरा घरात येणार का?" मी नियम घेतला.

मी याला दया, मुक्ती असलं गोड नाव देणार नाही. ती हिंसा होती. दोन दोषांतला जो मला कमी क्रूर वाटला, तो मी जाणून पत्करला आणि तो माझा म्हणून घेतला. एखादीने शेवटपर्यंत औषध देऊन, रात्रंदिवस जवळ बसून नैसर्गिक मरण येऊ दिलं, तर तिच्यापुढे मी हात जोडेन. औषधाने दुखणं आवाक्यात राहत असेल, तर तोच मार्ग. माझं भांडण फक्त काहीच न करता धर्माचं नाव घेण्याशी आहे.

घरात असा जीव असेल तर थोडं लक्षात ठेवा. खाणं सुटलं की म्हातारपण समजून बसू नका. यांचे दात जन्मभर वाढतात आणि वाढलेल्या दातांमुळेही खाता येत नाही. ते डॉक्टर कापून देतात, प्राणी पुन्हा खाऊ लागतो. थंडीत हॅमस्टर गारठून मेल्यासारखा निपचित पडू शकतो. आधी हळूहळू ऊब द्या, वाट पाहा, घाईने पुरू नका. आणि शेवट करायचाच झाला तर तो डॉक्टरांकडेच. फ्रीजरमध्ये ठेवा, पाण्यात बुडवा असले सल्ले लोक सर्रास देतात. ते निव्वळ छळ करणं आहे.

आणि मुलांनी हट्ट केला, तर दुकानात जाण्याआधी त्यांना पांजरपोळात घेऊन जा. तिथे चारा घालू द्या, जखमा धुताना बघू द्या. जीवावरची माया पिंजऱ्याशिवायही शिकवता येते. हे मी चिंगीकडून फार उशिरा शिकले.

ज्यांचं मन दुखावलं असेल, त्यांना उत्तम क्षमा. तुमचं मत वेगळं असेल तर मंदिरात भेटाल तेव्हा जरूर सांगा. मी ऐकेन.