औषधानेच आजार झाला, तर भरपाई कोण देणार?

फिटसाठी कार्बामाझेपिन आणि युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल ही चांगली, गरजेची औषधं आहेत. पण क्वचित एखाद्याला सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताप येतो, तोंडात फोड येतात, डोळे लाल होतात आणि भाजल्यासारखी कातडी सुटते. हा जीवघेणा आजार आहे. त्यात माणूस वाचला तरी घर कर्जात बुडतं. आमचे बरेच व्यवसायबंधू ‘साइड इफेक्ट आहे, नशीब’ म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही.

1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. तरी दंडाची रक्कम रुग्णाला भरपाई म्हणून द्यावी, ही तरतूद औषध कायद्यात यायला 2008 उजाडलं. तीही फक्त भेसळीच्या किंवा बनावट औषधाला, आणि आरोपीला शिक्षा झाली तरच.

औषध अस्सल असेल तर? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाकडे भरपाई मागता येते. पण कलम 87 मध्ये पळवाट आहे. वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला सूचना दिली असेल, तर कंपनी सुटते. म्हणजे माझ्या टेबलावर माहितीपत्रक ठेवलं की झालं! रुग्णाच्या हाती मात्र कात्रीने कापलेल्या चार गोळ्या येतात, त्यावर धड नावही नसतं.

औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर नियमाने भरपाई आहे. तेच औषध पदरचे पैसे देऊन घेणाऱ्याला नाही. हा कुठला न्याय? जपानमध्ये 1980 पासून कंपन्यांच्या वर्गणीतून अशा रुग्णांना मदत मिळते. औषधं महागतील, असं इथले कंपनीवाले म्हणतील. पण आज तो खर्च एकटं एक कुटुंब जमीन विकून भरतंय, त्याचं काय?

तोवर पुरावा तुम्हीच जपायचा आहे. सोयाबीन उगवलं नाही तर आपण पिशवी, टॅग, पावती घेऊन कृषी कार्यालयात जातो. औषधाचं साधं पक्कं बिल मात्र मागत नाही. 2017 चा शेतकरी संप करणारं आपलं पुणतांबा मेडिकलवाल्यासमोर लाजतं! चिठ्ठी, बिल, बॅच नंबर दिसेल अशी स्ट्रिप, फोटो आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. दोन वर्षांच्या आत अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. वकील सक्तीचा नाही.

आणि त्रासाची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकतो. हे वाचून चालू गोळ्या मनाने बंद करू नका. पुरळ किंवा तोंडात फोड दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.