पावसाळ्यात टॅरेंटुलाला पाणी नको, वारा द्या

कुत्रा-मांजर ठीक आहे, पण कोळी कोण पाळतं? तर तळहाताएवढा, केसाळ टॅरेंटुला पाळणारे आपल्या अंधेरी-बोरिवलीतही आहेत. त्यांची बरीचशी माहिती परदेशी व्हिडिओंमधून येते, आणि ते सांगतात, डब्यात पाणी फवारा, आर्द्रता टिकवा.

हा सल्ला तिथे चुकीचा नाही. युरोपात हिवाळ्यात बाहेर ० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, की तीच हवा घरात हीटरने २२ अंशांवर गेल्यावर आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची ते धरायची क्षमता चौपट.

आपल्याकडे जुलैत हवा आधीच ८०-९० टक्के भरलेली. पापड सादळतात, चपलांना बुरशी येते. अशात बंद डब्यात फवारलेलं पाणी सुकतच नाही. खालचं कोकोपीट कुजतं, बुरशी आणि बारीक किडे येतात. टॅरेंटुलाची फुप्फुसं पोटाखाली असतात, पुस्तकाच्या पानांसारख्या पापुद्र्यांची. साचलेल्या ओल्या हवेत तो दगावू शकतो.

मग करायचं काय? नुसती झाकणाला भोकं पाडून भागत नाही. एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर भोकं हवीत, म्हणजे वारा आरपार जातो. फवारणी बंद, पाण्याची छोटी वाटी पुरे. मेक्सिकन रेड नी तर मूळचा कोरड्या भागातला, त्याला कोपऱ्यात थोडी ओल बास. मात्र रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत हवा कोरडी होते, तिथे हे गणित बदलतं. म्हणून अंदाजापेक्षा डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवलेलं बरं.

डबा जमला तरी कागद राहतात. रेड नी सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या पश्चिम घाटातले पोसिलोथेरिया कोळीही २०१९ मध्ये त्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. आधीपासून प्राणी असणाऱ्यांना ६ महिन्यांची मुदत होती. पिल्लं झाली किंवा कोळी दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कोळी उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे.