गाडी आपोआप ब्रेक मारते, मग लोक एडास बंद का करून ठेवतात?

हायवेवर गाडी शंभरच्या स्पीडने चाललीय. चालकाच्या सीटवरचा माणूस दोन्ही हात डोक्यामागे घेऊन निवांत बसलाय आणि स्टिअरिंग आपलं आपण थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे होतंय. मागे गाणं, वर ‘भविष्य आलंय’ छापाचं कॅप्शन. अशी एखादी रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. २०२१ नंतर आपल्याकडे अशा व्हिडिओंचं पीकच आलं. काही महाभागांनी चालकाची सीट सोडून शेजारच्या सीटवर बसून दाखवलं. काहींनी स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवली, म्हणजे गाडीला वाटावं की हात ठेवलेलाच आहे.

आता तशाच गाडीचा दुसरा मालक बघा. एडास हवं म्हणून त्याने वरचे पैसे मोजून टॉप मॉडेल घेतलं. पहिल्या आठवड्यात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी दर दोन मिनिटांनी किंचाळली. एकदा रिक्षा आडवी घुसली, तो ब्रेकवर पाय ठेवणारच होता, तेवढ्यात गाडीनेच करकचून ब्रेक मारला. मागचा दुचाकीवाला आदळता आदळता वाचला आणि जाताना शिव्या घालून गेला. त्या दिवसापासून गाडी सुरू केली की आधी एडास बंद, मग सीटबेल्ट.

एकाचा एवढा भरवसा आणि दुसऱ्याचा एवढा वैताग, तोही एकाच तंत्रज्ञानावर. दोघांचा घोळ मात्र एकाच जागी झालाय. एडास ही एक वस्तू आहे असं दोघंही धरून चाललेत. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली दोन वेगवेगळी कामं आहेत.

मुळात एडास म्हणजे काय?

अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टिम्स, असं त्याचं पूर्ण नाव. पुढच्या काचेवर आरशामागे एक कॅमेरा असतो, बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या बाजूला रडारही असतं. समोर काय आहे, किती अंतरावर आहे, किती वेगाने जवळ येतंय, याचा हिशोब ही यंत्रणा सतत करत असते.

भारतात याची जाहिरात सुरू झाली ती २०२० च्या एमजी ग्लॉस्टरपासून. पण बोलबाला झाला २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आल्यावर. पुढे २०२३ मध्ये टाटाच्या हॅरियर-सफारीत, ह्युंदाईच्या व्हर्नात, किआच्या सेल्टॉसमध्ये ते आलं. डिसेंबर २०२४ मध्ये होंडाने नवी अमेझ आणली आणि एडास दहा लाखांच्या आतल्या सेदानमध्ये येऊन बसलं. २०२५ मध्ये मारुतीच्या व्हिक्टोरिसमध्येही ‘लेव्हल २ एडास’ आलं.

हा ‘लेव्हल’ शब्द जरा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गडबड तिथेच आहे. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने गाड्यांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्यात. पुढच्या गाडीचं अंतर बघून स्पीड कमी-जास्त करणं किंवा लेनमध्ये राहायला स्टिअरिंग हलवणं, यातलं एक काम गाडी करत असेल तर लेव्हल १. दोन्ही एकाच वेळी करत असेल तर लेव्हल २. मग धडक होणार असं दिसताच आपोआप ब्रेक मारणं, लेन सुटली तर बीप वाजवणं, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातली गाडी दाखवणं हे कुठल्या लेव्हलला? शून्य. जाहिरातीत मिरवलं जातं ते लेव्हल २. ऐनवेळी जीव वाचवायला धावून येतं ते, कागदोपत्री, लेव्हल शून्य.

वैताग नेमका कशाचा येतो?

मालकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या बहुतेक आपल्या रस्त्यांच्याच तक्रारी निघतात.

अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल घ्या. पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखायचं हे त्याचं काम. आपल्याकडे ‘सुरक्षित अंतर’ याचा अर्थ ‘रिकामी जागा’. तिथे लगेच कोणीतरी घुसतं. गाडी पुन्हा मागे सरकते, पुन्हा जागा तयार होते, पुन्हा कोणीतरी घुसतं. गाडीत बसलेल्याला वाटतं आपण पुढे जायच्या ऐवजी मागेच चाललोय.

लेन असिस्टला रस्त्यावर पांढरे पट्टे लागतात. एक्स्प्रेसवेवर किंवा समृद्धी महामार्गावर ते असतात. तिथून खाली उतरून तालुक्याच्या रस्त्याला लागलं की पट्टे गायब, किंवा डांबर नवीन आणि पट्टे जुने, किंवा एका पट्ट्यावर दुसरा पट्टा. तुम्ही खड्डा चुकवायला इंडिकेटर न देता स्टिअरिंग वळवता आणि गाडी ते हलकेच परत ओढते, कारण तिच्या मते तुम्ही लेन सोडताय. खड्डा तिला दिसत नाही, पट्टा दिसतो. नव्या चालकाला हा झटका घाबरवतो आणि जुन्याला अपमान वाटतो.

सगळ्यात जास्त धास्ती आहे ती आपोआप लागणाऱ्या ब्रेकची. गरज नसताना ब्रेक लागला तर मागून कोणीतरी येऊन धडकेल, ही भीती. ती खोटी म्हणता येणार नाही. नसलेल्या अडथळ्याला घाबरून गाडीने ब्रेक मारणं याला तिकडे ‘फँटम ब्रेकिंग’ म्हणतात आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या गाड्यांबद्दल याच तक्रारींवरून चौकशी सुरू केली होती. आपल्याकडे तर मागची गाडी बंपरला चिकटूनच येते. पण त्याच मागच्या गाडीला आपोआप ब्रेक असता तर? हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

यंत्राला दिसतं काय आणि दिसत नाही काय?

रडारला रस्त्यावरची स्थिर वस्तू ओळखणं अवघड जातं. कारण रस्त्यात स्थिर वस्तू कितीतरी असतात: पूल, पाट्या, लोखंडी झाकणं, दुभाजक. प्रत्येकीला धोका मानलं तर गाडी चालायचीच नाही. म्हणून हलणाऱ्या गाड्यांकडे जास्त लक्ष आणि थांबलेल्या वस्तूंकडे कमी, अशी त्याची रचना होत गेली. वेग जास्त असेल तर रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीवर क्रूझ कंट्रोल वेळेत प्रतिक्रिया देईलच असं नाही, असा इशारा कंपन्या मॅन्युअलमध्ये स्वतःच देतात. आता आपला हायवे डोळ्यासमोर आणा. बंद पडलेला ट्रक, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी. किंवा गळीत हंगामात रात्री सांगली-कोल्हापूरकडे चाललेली उसाची ट्रॉली, जिला टेललाइट नाही, रिफ्लेक्टर नाही आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. या सगळ्याचा भरवसा यंत्रावर टाकून रील बनवणाऱ्यांनी मॅन्युअलचं ते पान एकदा उघडावं.

पावसाचंही तसंच. घाटात धुकं उतरलं, काचेवर चिखल उडाला की स्क्रीनवर मेसेज येतो, कॅमेरा झाकला गेलाय. म्हणजे माणसाला जिथे मदत सर्वात जास्त हवी, नेमकं तिथेच यंत्र हात वर करू शकतं. आणि हो, पुढची काच फुटून बदलावी लागली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावं लागतं. ते न करता कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात काच बसवली तर कॅमेरा थोडा तिरका बघतो आणि गाडी चुकीचं अंतर मोजते.

मग उपयोग होतो की नाही?

होतो, आणि चांगला होतो. फक्त कशाचा, ते बघायला हवं.

अमेरिकेत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था अपघातांच्या नोंदी घेऊन गाड्यांचा अभ्यास करते. आपोआप ब्रेक असलेल्या गाड्यांनी पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं, असं तिच्या अभ्यासात दिसलं. पादचारी ओळखून ब्रेक मारणाऱ्या यंत्रणेमुळे पादचाऱ्यांना धडक बसण्याचे प्रकार २७ टक्क्यांनी घटले, पण अंधाऱ्या रस्त्यांवर फरक दिसला नाही. याच संस्थेने २०२४ मध्ये क्रूझ कंट्रोल आणि लेन सेंटरिंग एकत्र चालवणाऱ्या यंत्रणा तपासल्या. त्यांच्यामुळे अपघात कमी होतात याचा पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही. त्या आरामाच्या सोयी आहेत, सुरक्षेच्या नव्हेत, असा निष्कर्ष निघाला.

म्हणजे ज्याच्या रील बनतात तो भाग आरामाचा. जो लोक वैतागून बंद करतात, त्यात खऱ्या कामाचा भागही जातो. आपल्याकडे तर तो आणखी कामाचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले, १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्या अपघातांत सर्वात जास्त वाटा होता मागून बसलेल्या धडकेचा, २१ टक्क्यांहून जास्त.

बऱ्याच गाड्यांमध्ये एडासचं एकच बटण नसतं, मेन्यूत प्रत्येक सोय वेगळी बंद-चालू करता येते. शहरात लेन असिस्ट बंद ठेवलं तर फार बिघडत नाही. पुढच्या धडकेच्या इशाऱ्याची संवेदनशीलताही अनेक गाड्यांत कमी करता येते, म्हणजे प्रत्येक रिक्षाला बघून गाडी ओरडणार नाही. ब्रेक मात्र चालू राहू द्यावा. अडचण ही की डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये पेढा, हार, फोटो, ब्लूटूथ जोडणी सगळं होतं, हा मेन्यू उघडून दाखवायला कोणाला वेळ नसतो.

अजून एक गैरसमज. ‘फाइव्ह स्टार’ म्हणजे एडास असलेली गाडी, असं अनेकांना वाटतं. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपचे स्टार प्रामुख्याने क्रॅश टेस्टचे आहेत, म्हणजे धडक झाल्यावर आतली माणसं किती वाचतील याचे. एडास नसतानाही पाच स्टार मिळू शकतात.

आणि अपघात झालाच तर?

जबाबदार चालकच. लेव्हल २ मध्ये गाडीने कितीही कामं केली तरी लक्ष ठेवायचं काम माणसाचं, हे व्याख्येतच आहे. ‘गाडी चालवत होती’ हे पोलिसांपुढे चालणार नाही. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये आपोआप ब्रेकसह अशा अनेक सोयी सक्तीच्या झाल्यात, अमेरिकेने सप्टेंबर २०२९ ची मुदत ठरवलीय. तिथेही स्टिअरिंगमागच्या माणसाची जबाबदारी संपलेली नाही.

ट्रक-बसवाल्यांचं काय?

आपल्याकडे कारसाठी तशी सक्ती झालेली नाही. २०२५ मध्ये केंद्राने मसुदा काढला तो आठपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्या, बस आणि ट्रकसाठी. आपोआप ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा आणि चालकाला झोप येतेय का हे ओळखणारी यंत्रणा त्यात आहे. महाराष्ट्राला हे अगदीच नवं नाही. २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला, त्यात महापालिकेच्या शहर बसमध्ये धडकेचा इशारा देणारी यंत्रणा बसवली गेली. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, सीएसआयआरची रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा त्यात होते.

नागपूरचेच नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये ठणकावून सांगितलं होतं की विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, चालकांच्या नोकऱ्या जातील. त्यामुळे ट्रक-बसचालकांना यंत्राची भीती नोकरी जाण्याची तूर्तास नाही. भीती आहे ती नजरेची. झोप ओळखणारा कॅमेरा चालकाच्या तोंडाकडे असतो. फ्लीटच्या गाडीत तो मालकाच्या ऑफिसला जोडलेला असू शकतो. मग किती वेळा डुलकी आली याची नोंद चालकाच्या नावावर लागते, सलग किती तास गाडी चालवायला लावली याची लागतेच असं नाही.

१ जुलै २०२३ ला बुलढाण्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि २५ जण गेले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर तेव्हा बराच वाद झाला. समृद्धी ७०१ किलोमीटर, सरळ आणि एकसुरी. मोटार वाहतूक कामगारांसाठीचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता, तो दिवसाला आठ तासांचं काम सांगायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, तेवढा आराम वाढला. पहाटे तीनला कॅमेरा बीप करेल, चालक जागा होईल, पण सकाळी सातला माल पोचवायचा असेल तर त्या बीपनंतर तो गाडी बाजूला घेऊन झोपू शकतो का, हे ठरवणारा माणूस त्या केबिनमध्ये नसतो.