आजीबाईंची सुई अर्धी खरी

‘तापात टोचलेल्या सुईने पाय गेला, ही आजीबाईंची समजूत’ असे म्हणून गेल्या अंकातील पत्रलेखकाने पोलिओचा विषय हसण्यावारी नेला आहे. समजूत अर्धी खरी आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो आणि बहुतेक मुलांत पुढे काहीच करत नाही. लकवा होतो तो साधारण २०० संसर्गांत एखाद्याला. तेव्हा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. म्हणून पाय लुळा पडतो, वाळतो. पण चिमटा काढला की मूल कळवळते, कारण संवेदना शाबूत असते.

आता सुई. विषाणू अंगात असताना मांडीत इंजेक्शन दिले, की दुखावलेल्या स्नायूतून चेतातंतूवाटे तो मज्जारज्जूकडे चढू शकतो आणि नेमका तोच पाय जाण्याचा धोका वाढतो. १९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये हे आकडेवारीत दिसले. १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हा मार्ग दिसून आला.

सुई पोलिओ देत नाही, हे पत्रलेखकाचे म्हणणे बरोबरच. पण साध्या तापाला ‘डॉक्टर, एक सुई मारा’ म्हणणारे आपण, आणि ती मारणारे डॉक्टर, अगदीच निर्दोष नव्हतो.

— एक वाचक, सातारा